देवाच्या वाट्याचे गरुड

लढाईच्या दिवसांत सरकारने मला कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या वरच्या डोंगरावर आकाश बघायला बसवले. माझ्या चष्म्याचा नंबर पाहता हा सरकारचा विनोदच होता. पण अर्जात दृष्टीचा रकाना नव्हता आणि माझे अक्षर वळणदार होते, तेवढ्यावर निवड झाली. शत्रूचे विमान दिसले की खाली फोन करायचा आणि वहीत नोंद करायची, एवढेच काम.

विमान काही येईना. पावसाळाभर मी रोज 'निरंक' लिहिले. प्रत्यक्ष बघायला खालच्या गावातला एक म्हातारा शेतकरी माझ्या हाताखाली दिला होता. खाली घाटात ठाकुरवाडी स्टेशनाला थांबलेल्या इंजिनावरचा माणूस विडी ओढतोय की नुसताच उभा आहे, हे तो वरून सांगे. खरेखोटे करायला माझ्याकडे डोळे कुठे होते?

दसरा झाला आणि आमच्या गोऱ्या साहेबाचा हुकूम आला. साहेबाला पक्ष्यांचा भारी नाद. या दिवसांत उत्तरेकडचे शिकारी पक्षी घाटावरून दक्षिणेला जातात, ते मोजा, म्हणजे डोळ्यांना सराव राहील, असे त्याने कळवले होते. ससाणे, घारी, गरुड असे रकानेही आखून पाठवले. खालापूरच्या अंगाला दुसरी चौकी होती, तिलाही हाच हुकूम. ज्याच्या नोंदी धड नसतील त्या कारकुनाची रवानगी आसामला, असे हुकुमाच्या शेवटी बजावले होते.

बायको कर्जतला होती, पहिलटकरीण, आणि तिला आठवा लागला होता. दर रविवारी मी डोंगर उतरून तिच्याकडे जात असे. आसामातून कसला रविवार!

म्हातारा गावचा मापारी होता. खळ्यावर भात मोजायला त्यालाच बोलावत, आणि पक्षीही त्याने तसेच मोजायला घेतले. मुंडासे बांधून पूर्वेकडे तोंड करून बसायचे, मध्ये कुणी बोलायचे नाही. मला खोकला आला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. थवा काही आमच्यासाठी मागे फिरत नसे. तो आकडे ओरडायचा आणि मी लिहायचो. महिनाभरात ससाण्यांनी पाने भरली, घारींनीही भरली. गरुडांचा रकाना कोराच राहिला.

कार्तिकात साहेब स्वतः घामाघूम होऊन वर आला. वही पाहून म्हणाला, "खालापूरच्या चौकीला एकेचाळीस गरुड दिसले. तुमच्याकडे एकही नाही? ते तुमच्यावर रुसले आहेत काय?"

मी म्हाताऱ्याकडे वळलो. "बाबा, गरुड दिसले नाहीत का तुम्हाला?"

"दिसल्यात की. रोज दिसतात."

"मग सांगितले का नाहीत?"

"पैलं माप देवाचं, भाऊसाहेब. ते आमी मोजीत नाय."

"अहो, पण गरुड एकेकटाच येतो!"

"मग? एकटा आला तरी पैलाच ना तो?"

म्हणजे प्रत्येक थव्यातलाही एकेक पक्षी देवाकडे गेला होता. हे मी साहेबाला सांगितले नाही. पण गरुडांचा हिशेब म्हाताऱ्याने चोख ठेवला होता. झोपडीमागच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी एका गरुडाला एक अशी पांढऱ्या गारगोट्यांची रास होती. साहेब खूश होऊन मोजायला वाकला, तोच म्हातारा आडवा उभा राहिला.

"देवाचं माप मोजलं तर घरात जे वाढतंय ते थांबतं, साहेब."

मी भाषांतर केले. साहेबाने टोपी काढली. धर्माच्या बाबतीत सरकार ढवळाढवळ करत नाही, असे तो गंभीरपणे म्हणाला. "रास तुमच्या देवाची. आकडा मात्र मला शनिवारपर्यंत हवा."

शनिवारी म्हातारा खळ्यावर गेला आणि मी राशीसमोर एकटा बसलो. पाच मिनिटांचे काम होते. अंदाजाने आकडा ठोकून द्यावा असेही मनात आले, पण तोही त्याच राशीचा आकडा झाला असता. मी मॅट्रिक झालेला माणूस, असल्या गोष्टींना हसणारा. हात पुढे केला आणि बायकोचे पोट डोळ्यांसमोर आले. हात मागे घेतला. स्वतःची लाज वाटली, पण भीती लाजेहून मोठी होती. गरुडांच्या रकान्यात मी वळणदार अक्षरात लिहिले, 'देवाधीन'.

आठ दिवसांत बदलीचा हुकूम आला. 'मोजणीस अपात्र' असा त्यावर शेरा होता, आणि आसामात मला कोठारातली पोती मोजायला बसवले. कर्जत स्टेशनापर्यंत माझी ट्रंक म्हाताऱ्यानेच आणली. "घोर करू नगा, भाऊसाहेब," तो म्हणाला, "घरचं समदं नीट व्हईल."

नीट झालेही. मुलगी झाली, दोघी सुखरूप, असे कार्ड मला महिन्याने मिळाले. लढाई संपेपर्यंत रजा काही मिळाली नाही.

परत आलो तेव्हा कर्जतच्या घराचे दार उघडेच होते. अंगणात एक अडीच वर्षांची मुलगी मातीत बसली होती. तिने वर पाहिले आणि विचारले, "कोण पायजे तुमाला?"