तीन ट्रकांना लागलेली नजर

ब्रेक ऑइलचा उग्र वास आला की मला सत्तरच्या दशकातलं कारंज्याचं माझं गॅरेज आठवतं. गावातल्या कापसाच्या सेठजींनी तीन नवेकोरे ट्रक घेतले आणि एकामागून एक तिघांचेही ब्रेक फेल झाले. तिसरा तर मानोऱ्याच्या उतारावरून सुटून तुरीच्या शेतात घुसला. ड्रायव्हर थोडक्यात वाचला. नजर लागली म्हणून सेठजींनी ट्रकांना लिंबू-मिरची बांधली. मी खाली शिरून पाहिलं, तर तिन्हींत ब्रेकची नळी एकाच जागी चेसीला घासून फुटलेली. "नजर काय तिन्ही गाड्यायच्या एकाच नळीले लागते, सेठजी? खोट कंपनीची हाय!" मी त्यांना कंपनीला पत्र लिहायला लावलं. कंपनीचा इंजिनिअर आला, पांढऱ्याशुभ्र शर्टात. "तुमचे ड्रायव्हरच आदळआपट करत असतील," म्हणाला. मी ट्रकखाली पोतं अंथरलं. "तुमी सोताच खालून पाहा ना, साहेब." तो बाहेर आला तेव्हा शर्ट काळा झाला होता आणि फुटलेली नळी त्यानं कागदात गुंडाळून सोबत नेली. महिन्याभरात कंपनीनं त्या बनावटीचे सगळे ट्रक नळी बदलायला परत बोलावले. सेठजींनी ते पत्र भर चौकात मोठ्यानं वाचलं आणि माझ्या गॅरेजच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. "आता नजर तुले लागन, मिस्त्री!" नजरेवर माझा आजही विश्वास नाही, पण दर शनिवारी त्या दाराला ताजी लिंबू-मिरची मीच बांधतो.