उरलेल्या रंगाची टेकडी

पेंटरकाका रंगाचा डबा कानाशी धरून हलवायचे. आत खळखळ झाली की चेहरा खुलायचा. "उरला हाये," म्हणायचे आणि डबा पिशवीत टाकायचे. दुकानांच्या पाट्या रंगवून जो रंग उरेल तो त्यांचा, हे गावाने मान्य केलेलं होतं. त्याच रंगात ते दरवर्षी एक चित्र काढायचे, आणि चित्र एकच: इंझोरीच्या रस्त्यावरची टेकडी, खालचा नाला, नाल्याकाठचे दोन पळस.

मंगरूळपीरच्या बसस्टँडवरून कधी गेला असाल, तर त्यांच्या हातची पाटी तुम्ही नक्की वाचली असणार. चित्र मात्र पाहिलं नसेल. दिवाळीची कामं आटोपली की ते सायकलच्या हँडलला डबे लटकवायचे, जुना पत्रा कॅरिअरला बांधायचे आणि टेकडीसमोर जाऊन दिवसभर बसायचे.

एका वर्षी आभाळ चक्क पोपटी. मी हसत सुटलो.

"काका, आभाळ हिरवं काहून?"

"निळा सारा त्या दवाखान्याच्या पाटीनं खाल्ला ना बावा. मी काय करू?"

पण त्याच चित्रात एक पळस जरा डावीकडे सरकला, तर अख्खा पत्रा घासून पुन्हा काढला होता. "रंग जो उरला थो. पण झाड जिथं हाये तिथंच पायजे." डोकं फिरलंय म्हणायचे लोक. मीही म्हणायचो.

मग त्यांच्या दुकानासमोरच मी फ्लेक्सचं दुकान टाकलं. नारळ फोडायच्या वेळी पहिले तेच हजर. मशीनमधून बॅनर सरकत बाहेर येताना बघत राहिले, कडेला बोट लावून पाहिलं.

"लय झकास हाये. अन् रंग किती उरते याच्यात?"

"काही उरत नाही काका."

"असं का," म्हणाले आणि पेढा खाल्ला.

दोन वर्षांत गावातल्या सगळ्या पाट्या माझ्याकडे आल्या. मी कोणाच्या दारात मागायला गेलो नव्हतो, पण आल्या. त्या दिवाळीनंतर त्यांची सायकल भिंतीला टेकलेलीच राहिली.

"काका, औंदा टेकडी?"

"रंग उरला नाही."

एवढंच. तक्रार नाही की टोमणा नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी नवे डबे आणून दिले, तर झाकणं पाहून परत केले. "हे तं भरलेले हायेत. हे कामाचे."

मग मला युक्ती सुचली. म्हटलं, काका, माझ्या दुकानाचं शटर रंगवून द्या. चार लिटरचा मोठा डबा आणून ठेवला.

"फ्लेक्सवाल्याले पेंटर कायले लागते?" म्हणाले. पण आले. तीन दिवस पट्टी न् पट्टी रंगवली, काम करताना गुणगुणतही होते. मला वाटलं, जमलं. उद्या सायकल निघते. काम संपल्यावर त्यांनी डबा कानाशी धरला, हलवला आणि माझ्या काउंटरवर आणून ठेवला.

"अर्धा हाये अजून."

"मग घेऊन जा ना काका. उरला तो तुमचा."

"चाळीस वर्षं शटरं रंगवली म्या. एवढ्याले दोन लिटर पुरते. तू चार कायले आणले?"

"चुकून आले."

"चुकून नाही आणले तू," म्हणाले. हाताच्या तळव्याने झाकण ठोकून घट्ट बसवलं आणि रस्ता ओलांडून गेले. पुन्हा तो विषय निघाला नाही.

त्या उन्हाळ्यात ते वारले. मला रडू आलं नाही. त्या दिवशी तीन ऑर्डरी होत्या, त्या वेळेवर दिल्या.

त्यांचा मुलगा पुण्याहून आला. म्हणाला, "तेरवीले बॅनर पायजे. मांगं बाबाची टेकडी टाकजा." मी त्यांच्या घरी गेलो. एक पत्रा गोठ्याला ठोकलेला, एक पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून. दाराआडचा एक शाबूत होता, शेवटच्या वर्षीचा. टेकडी जांभळी, आभाळ तपकिरी. मोबाइलवर फोटो काढला आणि दुकानात येऊन कामाला लागलो.

फोटो आला की छापण्याआधी त्याचे रंग दुरुस्त करायचे, हा माझा रोजचा शिरस्ता. आभाळ निळं, डोंगर हिरवा. दोन मिनिटांचं काम. मी फोनवर दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होतो, हात आपोआप चालला होता. मंडपात बॅनर चढलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

लोक म्हणत होते, काय हुबेहूब चित्र काढलं हो! काकू बॅनरसमोर उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर धरून.

"हे त्यायचं नाही," त्या म्हणाल्या.

"त्यायचंच हाये, काकू," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पंगत बसत होती, कोणीतरी मला हाक मारली. मी जाऊन बसलो आणि पोटभर जेवलो.