न कापलेली दोरी

समोरच्या मैदानावरचं स्काउट-गाइडच्या मुलींचं उन्हाळी शिबिर आज संपलं. काठ्या दोरीनं बांधून त्यांनी चपलांसाठी मांडणी केली होती, ती आता सोडायची होती. दोरी कापायची नाही, हा त्यांचा नियम. एक मुलगी नखांनी, दातांनी गाठीशी झटत होती.

"बाई, फारच घट्ट बसलीय."

"घट्ट कुणीही बांधेल गं. सुटेल अशी बांधायची, हेच शिकवलं ना?"

मी गॅलरीत चहा पीत बघत होते. बऱ्याच वेळानं गाठ सुटली. अख्ख्या दोरीची गुंडाळी खांद्यावर टाकून ती मुलगी गेली.

मी कायम वरून आणखी एक गाठ मारणारी. सोडायची वेळ आली की सरळ विळीवर धरते. स्वयंपाकघराच्या खणात सुतळीचे वीतभर तुकडे साठलेत. एकही कशाला पुरत नाही.