लेकीचा विमा आणि आमचा दादा

दादा गेल्याचा फोन वैशालीने केला तेव्हा मी भाजी निवडत होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली, आणि मला रडू यायच्या आधी राग आला. दीड महिना झाला, तो अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं म्हणे. लिहीन, सुचलं तर.

दादा माझा थोरला भाऊ. डोंगरकडा गावात त्याची पिठाची गिरणी होती. गिरणी चालू असतानाही त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. वडील नको म्हणत असताना मला सायकलवर मागे बसवून हायस्कुलात नेऊन घातलं ते त्यानेच. म्हणून तर जास्त चीड येते... इतका शहाणा माणूस, पण एका बाबतीत ठार मूर्ख निघाला.

त्याच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं कळलं, त्याच सुमारास वैशालीला संभाजीनगरात दोन नोकऱ्या चालून आल्या. एकीत पगार चांगला होता. दुसरीत बराच कमी, पण कंपनी आईवडिलांचाही आरोग्य विमा उतरवणार होती आणि तोही जुन्या दुखण्यासकट, पहिल्या दिवसापासून. बाहेर कुठलीही विमा कंपनी दादाला दारात उभं करत नव्हती. वैशाली माझ्याकडे येऊन दिवसभर विचार करत बसली आणि तिने कमी पगाराची नोकरी धरली. माहेरचे किंवा सासरचे, एकाच जोडीचं नाव घालता येत होतं. जावई म्हणाला, माझ्या वडिलांना सरकारी सोय आहे, तू तुझ्या आईबाबांचं घाल. अख्ख्या गोतावळ्यात डोकं ठिकाणावर असलेली ही दोनच माणसं.

बाकीच्यांचं काय सांगावं! पोरगी दाखवायच्या कार्यक्रमात हातात पगार किती पडतो एवढंच विचारायला शिकलेली आमची भावकी. पोरीने पगार सोडून दवाखाना घेतला म्हणून हीच भावकी महिनाभर दात काढत होती. त्यांचं मला नवल नाही. दादाचं वाटलं. विम्याचं कार्ड आलं तेव्हा त्याने ते हातातसुद्धा घेतलं नाही.

"दिलेल्या लेकीच्या जिवावर इलाज करून घेऊ का मी? लोकं तोंडावर थुकतील."

"थुकणारे लोक ऑपरेशनला येणार न्हाईत, दादा," मी म्हणाले.

"पोरगं हाय मला. ते करंल."

पोरगं म्हणजे प्रकाश. हिंगोलीत मोबाइलचं दुकान, गळ्यात साखळी, आणि बापाच्या ऑपरेशनचा विषय निघाला की पुढच्या महिन्यात बघू. त्याच्या पुढच्या महिन्याची वाट पाहत दादा पायऱ्या चढताना धापा टाकायला लागला, पायांना सूज आली, रात्री बसून झोपायला लागला. वैशाली दर सुट्टीला गाडी करून न्यायला यायची आणि रिकामी परत जायची. एकदा तिने त्याचे पाय धरले. त्याने पाय मागे घेतले, म्हणाला, तुझं कन्यादान केलंय मी. त्याच महिन्यात तो गेला.

दहाव्याला भावकीतले म्हातारे पान चघळत बोलत होते की माणूस लई स्वाभिमानी, मरेस्तोवर लेकीचं काही घेतलं न्हाई. प्रकाशही मान हलवत होता. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "व्हय, घेतलं न्हाई. म्हणून तर आपण इथं दहाव्याला बसलोय." पत्रावळी मात्र वेळेवर पडल्या आणि सगळे पोटभर जेवले.

गेल्या आठवड्यात वहिनीला घेऊन वैशालीकडे गेले. तिच्या ओट्यावर कोपऱ्यात एक जुनी स्टीलची बाटली आहे. दादा तिच्या घरी आला की डोंगरकड्याहून तिच्यात पाणी भरून आणायचा, तिच्या नळाचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. शेवटच्या खेपेला बाटली विसरला. वैशालीने ती हलवलेली नाही, आतलं पाणीही तसंच. वहिनीने ती उचलली, झाकण उघडून पाहिलं आणि पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. मग बाटली धुतली, वैशालीच्या नळाला धरली आणि उभ्याउभ्याच प्यायली, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत.

"त्या विम्यात माजं बी नाव हाय ना गं?" तिने पदराने तोंड पुसत विचारलं. "मंग उद्या ने मला. डोळ्यानं दिसून न्हाई राहिलं."