तज्ज्ञाचा कान आणि बाभळीचा काटा

तज्ज्ञ म्हणे! अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

तेव्हा मी अंबरनाथच्या कारखान्यात कारकून होतो. काम सुटलं की उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी म्हाताऱ्याच्या ग्रामोफोनच्या दुकानात जाऊन बसायचो. सगळे त्याला दादा म्हणायचे. फाळणीत सिंधमधलं दुकान गेलं, म्हणून इथे बराकीच्या एका खोलीत त्याने पुन्हा तबकड्या मांडल्या होत्या. गिऱ्हाईक दहा तबकड्या वाजवून बघणार आणि एक घेणार. पोलादी पिनेने नवा माल झिजायचा. म्हणून मीच त्याला जांभूळ गावच्या बांधावरचे बाभळीचे काटे आणून दिले. पिनेच्या जागी काटा लावला की तबकडी झिजत नाही, आवाज तेवढा मऊ येतो. दादा खूश. आगाऊपणा माझाच, हे आधीच कबूल करतो.

एक दिवस एक गृहस्थ आला, तीन तबकड्या ऐकल्या आणि काही न घेता गेला. आठवड्याने पोलिसांनी सगळा माल उचलून नेला आणि दादावर खटला भरला. तो गृहस्थ तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा तज्ज्ञ होता. त्याने लिहून दिलं होतं की आवाज दबका येतो, अर्थात या अस्सलवरून चोरून काढलेल्या नकला आहेत. पिनेकडे बघायची तसदी त्याने घेतली नव्हती. अहो, बदलापूरच्या बाजारात बाई वांगं घेते तरी देठ बघून घेते!

मी दादाच्या वकिलाला काट्याचं सांगितलं. त्याने कोर्टात विचारलं, पिन पाहिली होती का? तज्ज्ञ हसला.

"तीस वर्षांचा कान आहे माझा. मला पिन बघावी लागत नाही."

मग वकिलाने न्यायाधीशांची परवानगी काढून त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. कंपनीनेच पुराव्याला आणलेली अस्सल तबकडी ग्रामोफोनवर ठेवली आणि पिनेच्या जागी माझा काटा बसवला. दोन ओळी वाजल्या असतील नसतील.

"नक्कल," तज्ज्ञ म्हणाला. "शपथेवर सांगतो."

न्यायाधीशांनी तबकडी उचलून कंपनीचा शिक्का सगळ्यांना दाखवला. गड्याचं तोंड एवढंसं झालं, पण लाज? छे. दादा सुटला त्या दिवशी हे महाशय दाराशी पुढच्या कुठल्या खटल्याची बोलणी करत उभे होते. वाटलं, दोन कानाखाली ठेवून द्याव्यात, तेवढाच कान तपासून होईल.

जप्तीचा माल परत मिळाला. उन्हाळाभर पोलीस चौकीच्या पत्र्याखाली पडून एकूण एक तबकडी वाकली होती. मी कंपनीला, तज्ज्ञाला, स्वतःलाही शिव्या घालत होतो. दादाने एक तबकडी उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

"साईं," तो म्हणाला, "उधर दंगे में दुकान गई, पर चोर किसी ने नहीं बोला. इधर पूरे कैंप ने बोला. आज छूट गया, ये सुनने कौन आया?"