सभासद हजर नाहीत

पोरांनो, शाळेत तुम्हाला शिकवतात की लोक आमदार निवडतात, आमदार विधानसभेत बसतात, त्यांच्यातलेच काही मंत्री होतात आणि बाकीचे त्या मंत्र्यांना प्रश्न विचारतात. सगळं खरं आहे. फक्त आमदार खरंच बसतो का, ते पुस्तकात लिहीत नाहीत.

चामराजपेटेत आमच्या गल्लीला नळ नव्हता. माझी बायको दोन गल्ल्या ओलांडून पाणी आणायची. सातवा महिना लागला तरी तिची घागर सुटली नाही. निवडणुकीत एक गृहस्थ हात जोडून आले. "अक्का, निवडून आलो की पहिला नळ तुमच्या दारात." निवडून आले आणि गल्ली विसरले. बायको त्यांच्या घरी खेटे घालत राहिली. शेवटी वैतागून म्हणाले, "प्रश्न घातलाय सभेत. पास देतो, ऐकायला या."

विधानसौध, म्हणजे आमच्याच शहरातली विधानसभेची इमारत, तेव्हा नवीनच झालेली. लोक देवळासारखं बघायला जायचे. देव मात्र आत पेंगत असायचे. बायको लग्नातलं लुगडं नेसून आली. शिपायाने आम्हा दोघांना वर गॅलरीत बसवलं आणि बजावलं, बोलायचं नाही, हसायचं नाही.

आमच्या नळाचा प्रश्न पुकारला. आमच्या माणसाची खुर्ची रिकामी. अध्यक्ष म्हणाले, "सभासद हजर नाहीत," आणि पुढचा प्रश्न घेतला. रीतच तशी. ज्याने प्रश्न दिला तो नसेल, तर प्रश्न त्या दिवशी बाद. मंत्र्याच्या हातात उत्तराचा कागद होता, तो त्याने खाली ठेवला. त्याचं काय जात होतं?

बायको उठली आणि कानडीत ओरडली, "अण्णा, तो नाही तर नसू दे, मी आहे की! घागर मी वाहते, मीच विचारते!"

खालचे सगळे माना वर करून बघायला लागले. पेंगणारेही जागे झाले. तेवढंच काम त्या दिवशी झालं असेल. शिपायाने आम्हाला बाहेर काढलं.

आमदार खाली कॅन्टीनमध्ये सांबारात वडा बुडवत होते.

"अक्का! संपलं का एवढ्यात?"

"तुमचं संपलं."

"स्वल्प उशीर झाला हो. पुढच्या वेळी नक्की. कॉफी घ्या."

"कॉफी नको. पाणी द्या. इथे नळ आहे ना?"

त्यांनी हसत पाणी मागवलं. टोमणा कळला तर तो आमदार कसला! प्रतिनिधी म्हणजे आपल्या जागी बसणारा माणूस. आपली जागा त्याला दिली की आपल्याला तिथे तोंड उघडायची बंदी, आणि तो वडा खातो.

पुढच्या निवडणुकीला ते पुन्हा आले, हार घालून, पुढे ढोल. आमच्या दारात हाक मारली, "अक्का, आहात का?"

आतून बायको म्हणाली, "सभासद हजर नाहीत!"

शेजारच्या दारातूनही तेच. त्याच्या पुढच्याही. गल्लीतल्या सगळ्या बायकांना तिने पढवून ठेवलं होतं. ढोलवाल्याला हसू आवरेना, त्याचा ढोल थांबला.

ते पडले. पण लगेच टाळ्या वाजवू नका. विधान परिषद म्हणून आणखी एक सभा असते, तिथे जायला तुमचं-आमचं मत लागतंच असं नाही. खाली पडलेल्याला तिथे गादी घालून देतात. यांनाही दिली.

नवा आमदारही थापाड्याच होता, पण आमच्या दारांना घाबरायचा. त्याने नळ आणला. राज्य चालतं ते असं, भीतीने. नळाला पाणी आलं तेव्हा पोटातला पोरगा कळशी धरण्याएवढा झाला होता. बायकोने नळाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आमदाराला मात्र खोबऱ्याचा तुकडाही दिला नाही.

गेल्या श्रावणात ती गेली. परवा मतं मागायला कुणाची तरी टोळी दारात आली. एकाने जुन्या ओळखीने हाक मारली, "अक्का आहेत का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सभासद हजर नाहीत."

ते हसले. मी दार लावून घेतलं.