सुकलेल्या बारा कुंड्या

नवघरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी एक फळा आहे. पाणी कधी येणार नाही, लिफ्ट कधी बंद, हे त्यावर लिहिलेलं असतं. त्या जानेवारीत एका सकाळी त्यावर मजकूर होता : गच्चीवरील मेलेली झाडे संबंधितांनी सव्वीस जानेवारीच्या पूजेआधी हटवावीत. संबंधित म्हणजे मी. खडू तिथेच होता. मी खाली लिहिलं, ‘मेलेली नाहीत. सुकलेली आहेत.’ सही केली आणि कॉलेजला गेले. तिथे मी वनस्पतिशास्त्र शिकवते.

झाडं कसली, वीतभर उंचीचं गवत होतं ते. वरसाव्याच्या बाजूला डोंगरातल्या उघड्या कातळावर उगवतं. रीतसर परवानगी काढून आणलं होतं. पाऊस संपला की ते इतकं सुकतं की पातं चिमटीत चुरगळलं तर भुगा होतो. दुसरं कुठलंही झाड एवढ्यात मेलं असतं. हे मरत नाही, थांबतं. पाणी मिळालं की दीड-दोन दिवसांत पुन्हा हिरवं. सुकता सुकता ते पेशींमध्ये साखर साठवून ठेवतं आणि पाणी गेल्यावर ती साखर पेशींना सांभाळते.

मला एवढंच बघायचं होतं, की या तयारीला वेळच दिला नाही तर काय होतं. म्हणून सहा कुंड्या मी महिनाभर पाणी कमी कमी करत सुकवल्या. उरलेल्या सहा पंख्यासमोर ठेवून दोन दिवसांत सुकवल्या. आता एप्रिलअखेरपर्यंत कुणालाही एक थेंब नाही. कॉलेजात जागा मागितली तेव्हा विभागप्रमुख म्हणाले होते की दोन वर्षांत रिटायर होताय, आता कशाला दगदग. मी कुंड्या रिक्षात घालून घरी आणल्या. पुन्हा असा प्रयोग मांडायला मला वेळ मिळणार नव्हता हे मलाही कळत होतं, म्हणूनच जास्त राग आला होता.

संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले. माणूस चांगला आहे, उन्हाळ्यात टँकरसाठी भांडतो. पण फळ्यावर कुणी उत्तर लिहिलेलं त्यांना खपत नाही.

“मॅडम, गच्चीची परवानगी झाडांना दिलीय, काटक्यांना नाही,” ते म्हणाले. मेलेलं झाड डोक्यावर ठेवलं की बिल्डिंगला बाधतं, असं तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन सांगत होत्या म्हणे. मग ते जरा नरमले. एका कुंडीत पाणी घाला, हिरवी झाली तर मी गप्प बसतो, म्हणाले. “बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. सरळ हिशोब आहे.”

सरळच होता. तांब्याभर पाण्याने सगळं मिटलं असतं. पण आज यांना एक कुंडी दाखवायची, उद्या बेनना दुसरी, आणि एप्रिलमध्ये मी मोजायचं काय?

“नाही घालणार,” मी म्हणाले. “बाप एप्रिलमध्ये दाखवते. त्याआधी श्राद्ध करायचंच असेल तर माझं करा.”

ते चहा न घेता गेले. पूजेला गच्चीवरच्या मांडवाचा पडदा माझ्या कुंड्यांपुढे ओढला गेला. तेवढ्यावर निभावलं असं मला वाटलं, पण खरी गंमत पुढेच होती.

सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली. कलशातलं पाणी पायदळी येऊ नये म्हणून ते झाडाच्या मुळाशी घालतात, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. कलश सेक्रेटरींच्या बायकोच्या हातात होता. गच्चीवर झाड म्हणाल तर माझंच. वहिनींनी पडदा सारला आणि पहिल्या कुंडीत कलश रिता केला. मी तेव्हा कॉलेजात होते.

तिसऱ्या दिवशी वहिनी माझ्या दारात उभ्या. “ताई, वर चला,” एवढंच म्हणाल्या.

कुंडी हिरवीगार झाली होती. तिला हळदकुंकू वाहिलेलं, उदबत्ती खोचलेली. समोर निम्मी बिल्डिंग, आणि चौघींच्या हातात उरलेल्या अकरा कुंड्यांसाठी भरलेले तांबे. मला रडू आलं. भक्तीने आलं असं सगळ्यांना वाटलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. परवापर्यंत माझी झाडं अशुभ होती, आज देव झाली आणि दोन्हींत माझा प्रयोगच मरत होता. बेन म्हणाल्या, “ये तो संजीवनी है.” कुणी म्हणालं, माणसाने या गवतासारखं असावं. माणसाने काय असावं? माणूस सुकला की मरतो. त्या गवताने कुणाला धडा द्यायचा मक्ता घेतलेला नाही.

मी कुंड्यांपुढे हात पसरून उभी राहिले. छप्पन्न वर्षांची बाई कबड्डी खेळल्यासारखी दिसत असणार. दिसू दे.

“हा चमत्कार नाही. ते गवत त्याचं काम करतंय,” मी म्हणाले. “मला माझं करू द्या.”

मग वहिनींनी शेजारणीच्या हातातला तांब्या घेतला, गच्चीच्या पन्हाळीत ओतला आणि पालथा घातला. “पाणी मी घातलं, चूक माझी,” त्या म्हणाल्या. “आता कुणी थेंब घालायचा नाय.”

त्या दिवशी मी एक पाटी टांगली. एका बाजूला ‘मेलेली नाहीत’, दुसऱ्या बाजूला ‘देव नाहीत’. वाऱ्याने फिरायची ती, आणि दोन्ही बाजू लागायच्या. वहीत पहिल्या कुंडीपुढे लिहिलं : वगळली, तीर्थामुळे.

एप्रिलच्या शेवटी मी अकराही कुंड्यांना सारखं पाणी घातलं. हळू सुकवलेल्या पाच दोन दिवसांत हिरव्या झाल्या. पंख्यासमोरच्या सहा तशाच तपकिरी. एकीत एक पातं हिरवट झालं आणि दोन दिवसांत तेही गेलं. मी आठवडाभर वाट पाहिली. वहिनी रोज येऊन बघायच्या. पाणी कमी पडलं का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, पाणी नाही, तयारीला वेळ कमी पडला. मला एवढा आनंद झाला होता की त्यांना तो बरा वाटला नसावा.

दुसऱ्या सकाळी दोन खेपा करून मी सहा कुंड्या सेक्रेटरींच्या दाराशी नेऊन ठेवल्या आणि बेल वाजवली. ते बनियनवरच बाहेर आले.

“बाप दाखवला,” मी म्हणाले. “आता या सहांचं श्राद्ध करा. या मेल्यात.”

ते खाली वाकले. एक सुकलेलं पातं बोटाने हळूच हलवून पाहिलं आणि हात मागे घेतला.

“नक्की ना, मॅडम?”

“नक्की,” मी म्हणाले. “आता मी सांगतेय.”